राहिलेली सावड

हे कुणाला पटायचं नाही, आणि पटावं असा आपला हट्टही नाही. पण सूतगिरणीच्या वसाहतीमागं सत्याप्पा मगदूमला जी पट्टी मिळाली, ती तण उपटलं की लांब व्हायची. मूठभर हराळी उपटा, हातभर जमीन वाढली. बाभळीचं खोड काढा, बैलगाडी उभी राहील एवढी वाढली. रुंदीला मात्र होती तेवढीच.

पट्टी म्हणजे कसं, की गिरणीची मागची जागा पडून होती. निवृत्त कामगारांनी भाजीपाला करावा म्हणून तिचे लांबट तुकडे पाडले आणि ज्याला हवा त्याला एकेक दिला. शेवटची पट्टी कुणी घेईना. कित्येक वर्षांत तिला कुदळ लागली नव्हती. वर वेडी बाभूळ आणि काँग्रेस गवत, मध्ये गिरणीतनं फेकलेल्या फुटक्या कांड्या, आणि या सगळ्याच्या खाली चटईसारखी विणलेली हराळी. सत्याप्पा उशिरा गेला, म्हणून त्याच्या वाट्याला तीच आली. गेटसमोरच्या कट्ट्यावर लोक म्हणाले, "अण्णा, जन्मभर थापा पेरल्या. आता जरा भेंडी पेरून बघा."

सत्याप्पा रागावला नाही. थापा हा त्याचा लौकिकच होता. नाव ठेवताना आईबापाला काय कल्पना, असं तो स्वतःच सांगायचा.

मृगाच्या आत जमीन तयार व्हायला हवी होती. वैशाखातल्या एका सकाळी त्यानं डबा पट्टीच्या तोंडाशी असलेल्या कडुलिंबाखाली ठेवला आणि खुरपं घेऊन बसला. दुपारी भूक लागली म्हणून वळून बघतो, तर लिंब अंगठ्याएवढा दिसत होता. चालत निघाला. पोचेपर्यंत भाकरी वाळून पत्र्यासारखी झाली होती आणि पिठल्याला भेगा पडल्या होत्या. ती भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली आणि तो परत कामाला निघाला. निघाला म्हणजे परगावी निघावं तसा.

शेजारची पट्टी हौसाक्काची. बाई गिरणीत रीलिंगला, सुताच्या लडी गुंडाळायला होती. हात अजून थांबत नव्हते. तिचे वाफे केव्हाच तयार होऊन शेणखत पिऊन बसले होते.

"आक्का, माझी पट्टी लांब व्हायला लागलीया," सत्याप्पा म्हणाला.

"होऊ दे की. माझ्यात घुसली नाही म्हंजे झालं."

"पण हे बरं न्हवं."

"अण्णा, जमीन कमी झाली म्हणून रडणारी माणसं बघितली. वाढली म्हणून रडणारा तुमी पयला."

वसाहतीचे सेक्रेटरी टेप घेऊन आले. एक टोक सत्याप्पाच्या हातात देऊन दुसरं टोक घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांची दाढी वाढली होती. पट्टीबरोबर टेपही लांब होत होता, त्यामुळे आकडा बरोबर भरला. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि दाढी करायला गेले.

मग आवाज आला. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, जिथं नजर पोचत नव्हती तिथं, कुणीतरी खणत होतं. ठप, ठप, मग तळहातावर थुंकून हात चोळावेत एवढी उसंत, मग पुन्हा ठप, ठप. सत्याप्पाचं खुरपं जागच्या जागी थांबलं. असं खणणारा माणूस त्यानं आयुष्यात एकच बघितला होता. त्याचा थोरला भाऊ, कल्लाप्पा.

हौसाक्कानं कान दिला. "कोण ओ ते?"

"आमचा दादा."

"वारला म्हणाला होता की."

"व्हय."

"खणतोय बाकी झ्याक. सावडीनं आलाय काय?"

सावड म्हणजे काय, हे त्या भागात कुणी कुणाला समजावून सांगत नाही, पण आपण सांगू. आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, हिशेब नाही. आलेल्या माणसाला पोटभर जेवू घालायचं आणि त्याच्या पाळीला न बोलावता जायचं. गिरणीत लागायच्या आधी, गावाकडं, सत्याप्पा आणि कल्लाप्पा वेगळे झाले, घराच्या मधोमध भिंत आली, पण सावड मोडली नव्हती. दादा थोरला, म्हणून आधी तो यायचा. शेवटच्या वर्षीही तो आला. बैल घेऊन आला, सत्याप्पाचं रान कुळवून दिलं, पेरून दिलं, आणि रुमालानं मान पुसत म्हणाला, "आता माझं." सत्याप्पा गेला नाही. दादाच्या रानातला वाफसा, पेरणीजोगी ओल, निघून गेला, वर पापुद्रा धरला, त्या साली तिथं काही उगवलं नाही. दादा बोलायला आला नाही, भांडला नाही. दिवाळीच्या आधी दाराला कुलूप लावून तो बायकोसह तिच्या माहेरी, पार विजापूरकडं, निघून गेला. तिथंच तो गेल्याची बातमी आली, तीही मातीला पोचता येणार नाही इतकी उशिरा.

"सावडीनं आला असंल तर त्याच्या पाळीला तुमाला जावं लागंल," हौसाक्का म्हणाली.

"कुठं?"

"तो जिथनं आलाय तिथं. अजून कुठं?" आणि ती घेवड्याला मांडव घालायला वळली.

सत्याप्पाला त्याची भीती वाटली नाही. जायचं तर जाऊ. त्याला हवं होतं ते एवढंच, की एकदा दादाच्या शेजारी उभं राहून एक सरी ओढावी. एकच. बाकी मग जे होईल ते.

पण पोचायचं कसं? तण काढावं तर पट्टी लांबते. काढू नये, तर मागची हराळी सरसरत पुढं येते, पट्टी आखडते आणि पलीकडचा आवाज गवतात बुडतो. एक दिवस त्यानं नुसतं बसून बघितलं. संध्याकाळपर्यंत पट्टी घोंगडीएवढी झाली, गच्च हिरवी, आणि कुदळीचा आवाज बंद. तो घाबरून दोन्ही हातांनी उपटायला लागला. अंधार पडताना लांबून, फार लांबून, ठप, ठप सुरू झालं तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

हाका मारून झाल्या. उत्तर नाही.

मग एकदा खुरपता खुरपता, सवयीनं, तो स्वतःशीच बोलायला लागला. कुणी ऐकणारं नसलं तरी त्याचं तोंड बंद राहत नसे. भोपळ्याच्या वेलाची गोष्ट होती. तो वेल निपाणीच्या एस्टीवर चढला, टपावरनं प्रवास करून निपाणीत उतरला आणि तिथल्या बाजारात त्याला भोपळे लागले.

"हं," पलीकडनं आवाज आला.

आणि पट्टी आवळली. धोतराच्या निऱ्या घ्याव्यात तशी जमीन गोळा झाली आणि लिंब दोन ढांगा जवळ आला.

गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानं समजावं, ऐकणारा झोपला. लहानपणी हे दोघे भाऊ जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसायचे. सत्याप्पा गोष्टी रचायचा आणि दादा गोफण मांडीवर ठेवून हं म्हणायचा. सगळ्या गोष्टींचा पहिला ऐकणारा तोच. त्याच्या हुंकारावर वाढलेला माणूस पुढं कट्ट्यावर राजा झाला, यात नवल ते काय!

आता सत्याप्पाला युक्ती सापडली. तण काढायचं आणि गोष्ट सांगायची. तण काढल्यानं जमीन जेवढी वाढायची त्याहून जास्त हुंकारानं आवळायची. त्यानं विहिरीत पडलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली, जी खालनं दूध पाठवायची आणि वर फक्त पेंड मागायची. धुक्यात हरवलेलं लग्नाचं वऱ्हाड सांगितलं. ते चुकून दुसऱ्याच लग्नाला उभं राहिलं आणि तिथंच नांदायला लागलं. हं, हं. पट्टी आवळत गेली. आधी दादा मुंगीएवढा दिसला, मग कोंबड्याएवढा, मग माणसाएवढा. अंगात तीच बंडी, मानेवर तोच रुमाल. वय वाढलं नव्हतं. आता तो सत्याप्पाच्या मुलासारखा दिसत होता. मान खाली घालून खणत होता. त्याच्या बाजूची जमीन अशी मऊ, की मूठ उघडली तर माती आपोआप सांडावी.

मात्र एकदा सांगितलेली गोष्ट चालत नव्हती. सत्याप्पानं भोपळ्याचा वेल पुन्हा काढून बघितला.

"ही झाली," दादा म्हणाला. वर न बघता.

तेवढ्यावर थांबलं नाही. एका संध्याकाळी कट्ट्यावर हौसाक्का म्हणाली, "अण्णा, ते म्हशीचं सांगा की. ही आमची सून नवी हाय, हिनं ऐकलं नाही." सत्याप्पानं तोंड उघडलं. आत म्हैस नव्हती. विहीरही नव्हती. जिभेवर मातीची चव होती. त्यानं खाकरल्यावर एक बारीकसं ढेकूळ बाहेर पडलं.

"तब्येत बरी न्हाई वाटतं," सून म्हणाली.

"थापा संपल्या असतील," हौसाक्का म्हणाली, पण हसली नाही.

संपतच आल्या होत्या. जी गोष्ट पट्टीत सांगितली ती डोक्यातनं जात होती, आणि तिच्या जागी नुसती मोकळी, भुसभुशीत जागा राहत होती. दहा माणसांना पुरेल एवढं बोलणारा सत्याप्पा घरी गप्प बसायला लागला. कट्ट्यावरचे लोक त्याची वाट बघून उठून जायला लागले. सत्याप्पाला त्याचं काही वाटलं नाही. दादा आता एका वाफ्याच्या अंतरावर होता. त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. कुदळ वर गेली की तिच्या पात्यावरचं ऊन सत्याप्पाच्या डोळ्यांवर येत होतं.

मृग तोंडावर आला. हौसाक्कानं गवार टोकली. सत्याप्पाच्या पट्टीत आता एकही काडी उरली नव्हती. दोघांच्या मधला तेवढा एक वाफा सोडला तर सगळं रान तयार होतं. आणि सत्याप्पाजवळ एकच गोष्ट उरली होती. त्या साली तो दादाच्या पाळीला का गेला नाही, ती.

ती गोष्ट त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती. पण रचून मात्र ठेवली होती, वर्षानुवर्षं, रोज थोडी थोडी. लोणचं मुरावं तशी ती मुरली होती. खरं काय ते सांगावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण खरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिला. एवढंच. त्यात नदी नव्हती, साप नव्हता, आजारपण नव्हतं. असल्या गोष्टीला माणूस हुंकार तरी कुठं देणार?

तो गुडघ्यांवर बसला. हातानं हराळी उपटायला लागला.

"त्या साली मी निघालोच होतो, दादा."

ठप, ठप. उसंत.

"हं."

मधला वाफा आखडला.

"दिवस उगवायच्या आत बैल जुपले. भाकरी बांधून घेतली, तुझ्या वाटची पण. ओढ्यापर्यंत आलो, तर ओढा जागेवर नाही. रातोरात उठून पार टेकडीकडं गेलेला. त्याच्या जागी दूधगंगा येऊन पडलेली, आडवी, एवढी मोठी."

"हं."

अंतर हातभर राहिलं. दादाच्या अंगाचा वास आला, बैलांचा आणि तंबाखूचा. सत्याप्पाची गोष्ट चांगली चालली होती. त्यानं इतकी चांगली गोष्ट कधी सांगितली नव्हती.

"मी बैल पाण्यात घातले. मधोमध गेलो तर नदी म्हणाली, कुठं निघालास? म्हटलं, दादाच्या रानात, सावड फेडायला. नदी म्हणाली, मग आधी माझी फेड, तुझ्या आज्यानं माझं पाणी नेलंय. तिनं मला धरून ठेवलं, दादा. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मी तिथनं तुझं रान बघत होतो. तुला हाका मारत होतो."

"हं," दादा म्हणाला, आणि आता दोघांच्या मध्ये बोटभर हराळी उरली होती. सत्याप्पानं तिला मुठीत धरलं. दुसरा हात दादाच्या कुदळीच्या दांड्याकडं नेला.

"वाफसा जाईपर्यंत तिनं सोडलं नाही बघ. सोडलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी ओल्या अंगानं तुझ्या बांधापर्यंत आलो, पण तू..."

कुदळ थांबली. दादानं पहिल्यांदाच मान वर केली. तो रागावलेला नव्हता.

"खोटं," तो म्हणाला. "मीच आलो होतो तुला बोलवायला. परड्याच्या कुंपणापर्यंत. तू मागच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होतास आणि भोवती बसलेल्या माणसांना गोष्ट सांगत होतास. चांगली होती. मी कुंपणाआड उभा राहून शेवटपर्यंत ऐकली."