लाल खुणेची पाच नावं

वादळ सोमवारी येऊन गेलं. मंगळवारी सकाळी विद्युलताबाई तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून खाली साचलेलं पाणी बघत होत्या. पाणी कंबरेइतकं होतं आणि त्यावर कुणाची तरी निळी बादली ऐटीत फिरत होती. चहूकडे पाणीच पाणी, आणि बाईंना मात्र दिवसाला पाऊण लिटरच प्यायची परवानगी. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाची देवसुद्धा थट्टा करतो.

त्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असे. शुक्रवारचं झालं होतं, सोमवारचं बुडालं. पाय सुजून चपलेत मावेनात. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून रात्र त्यांनी खुर्चीतच काढली होती. आता आणखी एक दिवस असाच गेला तर काय होईल, हे डॉक्टरांनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलेलं होतं.

हे कशामुळे झालं? वादळामुळे, असं उमाकांतराव म्हणाले असते. बाईंना विचाराल तर यादीमुळे.

उमाकांतराव म्हणजे त्यांचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेले, वेलाचेरीतल्या या चोवीस फ्लॅटच्या इमारतीचे सेक्रेटरी. नाशिकहून बदलीवर चेन्नईला आले ते इथलेच झाले. मागच्या पुरात सगळ्यांची त्रेधातिरपीट उडाली, म्हणून यंदा त्यांनी रीतसर आराखडा केला होता. वाळूची पोती कुठे रचायची, तळमजल्यावरच्यांनी कुणाकडे वर जायचं, मेन स्विच कुणी बंद करायचा. वादळाची बातमी आली की वेलाचेरीकर आपापल्या गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावतात, त्याचीही वेळ ठरवून दिली होती. आणि शेवटी यादी: होडी आलीच तर आधी कुणी जायचं. पाच नावं, प्रत्येकापुढे लाल खूण. भिजू नये म्हणून कागद लॅमिनेटसुद्धा करून घेतला. माणूस दूरदृष्टीचा खरा, फक्त जवळचं दिसत नव्हतं.

"माझं नाव?" बाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

"सेक्रेटरीनं स्वतःच्या बायकोचं नाव घालायचं? लोक म्हणतील, आपला तो बाब्या! आपल्याकडे गाडी आहे की. वादळाच्या आधीच जाऊन येऊ."

मुळात बाईंचं आजारपण इमारतीत कुणाला ठाऊकच नव्हतं. घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर लोक आपलं सेक्रेटरीपद काढून घेतील, ही उमाकांतरावांची धास्ती. विद्युलता आठवड्यातून तीनदा मैलापूरला देवदर्शनाला जाते, असं ते सगळ्यांना सांगत. बाईंनी चार महिने मान डोलावली. ती मान डोलावल्याचा त्यांना आता स्वतःचाच राग येत होता.

डायलिसिस केंद्राचा फोन रविवारी आला होता: उद्या सकाळी सातलाच या, दुपारी बंद करणार. पण सातला वाळूचा ट्रक यायचा होता. "अकराला जाऊ," उमाकांतराव म्हणाले. दहा वाजता, इतरांना उदाहरण म्हणून, त्यांनी सगळ्यांत आधी स्वतःची गाडी पुलावर नेऊन लावली. अकराला ऑटो मिळेना. बाराला रस्ता दिसेना.

खाली शिट्टी वाजली. होडी आली होती.

विद्युलताबाई कठडा धरून तीन मजले उतरल्या. प्रत्येक वळणावर थांबून दम घ्यावा लागला. पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीला लागलेलं. तिथे उमाकांतराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गळ्यात शिट्टी अडकवून यादी वाचत होते. तळमजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या सीतालक्ष्मी, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, दम्याच्या रुग्ण, आधीच होडीत बसल्या होत्या. सातवा महिना लागलेली श्रीनिधी नवऱ्याचा, कार्तिकेयचा, हात धरून चढत होती. मग आणखी तिघं. पाच झाली.

उमाकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या पायांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या फेरीत बघू," ते हळूच म्हणाले.

"दुसरी फेरी उद्या," होडीवाला तमिळमध्ये ओरडला.

बाईंना फक्त आपलं नाव नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी वाट पाहिली. उमाकांतरावांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला सहावं नाव आपोआप उगवलं असेल. मागे काहीच नव्हतं.

"मला डायलिसिस लागतं," विद्युलताबाई मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाल्या. "चार दिवस झाले."

जिन्यावरची सगळी माणसं वळून बघू लागली.

"अगे, तू मैलापूरास देवदर्शनास जातेस म्हणून उमाकांत सांगत होता की गे!" सीतालक्ष्मी म्हणाल्या.

"देवाकडे नाही, मावशी. मशीनकडे."

म्हातारीनं उमाकांतरावांकडे असं पाहिलं की त्यांनी शिट्टीच हातात घट्ट धरली. "कां रे, सहावं नाव लिहावयास जागा नव्हती?"

"पाचच जणांची सोय..."

"पाच कुणी सांगितलं, सार?" होडीवाला हसला. "आठ जण बसतात."

पाच कुणीच सांगितलं नव्हतं. कागदावर पाचच ओळी मावत होत्या.

दोघांनी धरून बाईंना होडीत बसवलं. "सार, तुम्हीही या, जागा आहे," होडीवाला म्हणाला.

"सोबत्यांना नियमानं..." उमाकांतराव सवयीनं सुरू झाले आणि अडखळले.

"त्यांचं नाव यादीत नाही," विद्युलताबाई म्हणाल्या. "चला."

होडी हलली. उमाकांतराव पाण्यात उतरले आणि एका हातानं होडीची कड धरून चालू लागले. दुसऱ्या हातात यादी उंच धरलेली. पाणी कंबरेला आलं, मग फाटकापाशी उतार लागला तसं छातीला. तरी ते कड सोडेनात. बाईंनी बराच वेळ समोर पाहिलं, शेवटी राहवलं नाही.

"चढायला दोन्ही हात लागतात," त्या म्हणाल्या.

उमाकांतरावांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. अख्खी इमारत तिथे उभी होती.

"जा अंकल, मी बघतो इथलं," कार्तिकेय ओरडला. "आणि श्रीनिधीकडे लक्ष ठेवा!"

उमाकांतरावांनी यादी सोडली. इतकी पक्की लॅमिनेट केलेली, ती बुडेना. लाल खुणा वर करून तरंगत राहिली. ते दोन्ही हातांनी कड धरून, धडपडत, पोट घासत आत आले आणि बायकोच्या पायांशी बसले. ते सुजलेले पाय त्यांनी ओल्या हातांत धरले.

"फार त्रास होतोय?"

"चार दिवसांत आत्ता विचारलंत," विद्युलताबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू त्यांना फुटलं.