भुलीच्या मशीनचा जळफळाट

मित्रांनो, लातूरच्या एका दवाखान्यातलं भूल द्यायचं जुनं मशीन बोलतोय मी. माझ्या शेजारच्या ट्रेमध्ये एक सुई येते. उदबत्तीच्या काडीहूनही बारीक. तिचा मला मनापासून हेवा वाटतो. उगाच कशाला लपवू!

मी इथे आलो तेव्हा मला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. पोटाचं ऑपरेशन असो की हाडाचं, सगळे माझ्याच नळीतून वायू घेऊन गाढ झोपायचे. मग ही सटवी आली. पाठीच्या मणक्यात टोचली की कमरेखाली सगळं बधिर, माणूस मात्र टक्क जागा! प्रोस्टेटचे म्हातारे तर सगळे तिच्याकडेच. एकदा वापरून तिला डब्यात टाकून देतात, तरी कौतुक तिचंच. माझ्यावर नॅपकिन वाळत घालतात.

परवा औशाकडचे महादेवप्पा आले. प्रोस्टेट वाढून लघवी तुंबलेली. म्हणाले, "मॅडम, मला पुरतं झोपवा. जागेपणी लई लाज वाटती."

मी हरखलो! पण भूल देणाऱ्या भार्गवी मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मधे पडदा लावते. तुम्ही फक्त माझ्याशी बोलत राहायचं." पुन्हा सुईच. माझा नुसता तिळपापड झाला.

ऑपरेशन करणाऱ्या श्रीनाथ सरांनी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घातली. आत पाणी सोडत ते वाढलेली गाठ खरवडू लागले. इकडे आजोबा सोयाबीनचं सांगत होते, म्हशीचं सांगत होते.

"आणि आजींचं नाव काय?"

"बायकोचं नाव कसं घ्यावं मॅडम? सुदर्शनची माय म्हनतो मी."

सगळे हसले. मी नाही हसलो. माझ्यापाशी कधी रंगल्यात का अशा गप्पा?

थोड्या वेळानं आजोबा हात झटकत ओरडले, "गंगम्मा! ए गंगम्मा, म्हैस सुटली बघ!"

मॅडम ताडकन उठल्या. "सर, थांबा! बायकोचं नाव घेऊन हाका मारायलेत. भान सुटलंय, पाणी रक्तात गेलं असणार."

सरांनी पाणी बंद केलं, काम आवरतं घेतलं. रक्त तपासलं तर त्यातलं मीठ घसरलेलं. औषधं सुरू झाली. ऑक्सिजन माझ्याच नळीतून गेला, पण तेव्हा मिरवायचं सुचलंच नाही. म्हातारा वाचू दे, एवढंच वाटत होतं.

बऱ्याच वेळानं मॅडमनी पुन्हा आजींचं नाव विचारलं. आजोबा लाजून म्हणाले, "चारचौघांत कसं सांगू मॅडम?" मॅडमनी हळूच डोळे पुसले.

मित्रांनो, त्यांना मी झोपवलं असतं तर ती हाक घशातच राहिली असती आणि कळायला उशीर झाला असता. म्हणून तुमच्या आजोबांना डॉक्टर सुई देतो म्हणाले, तर झोपवायचा हट्ट धरू नका. हे मी सांगतोय, मी! आणि मलाही रोज सकाळी पुसून, तपासून ठेवा. कधी सुईचा गुण येत नाही, तेव्हा धावाधाव माझ्याकडेच होते.

बाकी तिच्यावर जळतो मी, अजूनही जळतो. इतकी माणसं निजवली, पण माझ्या नळीतून अजून एकानंही आपल्या माणसाला हाक मारलेली नाही.