दोन डोकी, तोंड नाही

मित्रांनो, मला डोकी दोन आहेत आणि तोंड एकही नाही. फिनलंडमधल्या एका लाकडी घरात, जिन्याखालच्या कपाटात मी नऊ वर्षं राहतोय. मी एक जुना संगणक आहे. माझा जन्म कारखान्यात नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला.

वेइक्को लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. बायको घर सोडून गेल्यापासून तो आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी साइला कामापुरतंच बोलत. साइला संगणकावर एक खेळ खेळायची. त्यात माती खणायची, झाडं तोडायची, घरं बांधायची. तिचं जग एवढं वाढलं, की तिचा संगणक धापा टाकू लागला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. मग शेजारच्या ओर्वोने एका बंद कचेरीतला संगणकाचा टाकाऊ सांगाडा आणून दिला. त्यात दोन प्रोसेसर, म्हणजे संगणकाची दोन डोकी, बसायची सोय होती. जुने प्रोसेसर भंगाराच्या भावात मिळतात, म्हणून वेइक्कोने जोडीच मागवली.

प्रोसेसर बसवायच्या एका जागेतल्या केसाएवढ्या पिना वाकलेल्या होत्या. वेइक्कोने मासेमारीच्या गळाला पिसं बांधायचा चिमटा आणि भिंग घेऊन त्या एकेक सरळ केल्या. साइलाने माझ्यासाठी बर्चच्या फळ्यांची पेटी ठोकली.

"दोन म्हातारी घोडी एका गाडीला जुंपलीस," ओर्वो म्हणाला. "एक इकडे ओढेल, एक तिकडे."

"तू आणि तुझी बायको चाळीस वर्षं तेच करताय की," वेइक्को म्हणाला. साइला खुदकन हसली. शेजारीपाजारी मिळून एकाचं काम उरकतात, तशी ती इर्जिकच होती. काम संपल्यावर सगळ्यांना वाटाण्याचं सूप मिळालं.

पुढे वेइक्कोही तो खेळ शिकला. खेळातलं सगळं जग आता माझ्या पोटात होतं; बापलेकींनी तिथे तळ्याकाठी एक झोपडी बांधली. दोघं दोन खोल्यांत आपापल्या संगणकापुढे बसून त्या झोपडीत मनमोकळं बोलायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग साइला नोकरीसाठी नॉर्वेला गेली. दर शनिवारी इंटरनेटवरून त्याच झोपडीत भेटायचं ठरलं होतं. पण तिच्या कामाच्या पाळ्या बदलल्या आणि एका शनिवारी ती आली नाही. 'दमली असेल, कशाला त्रास द्यायचा,' असं वेइक्को पुटपुटला. बुधवारी ती आली, तर तो नव्हता. तिनेही तसाच विचार केला असावा. या माणसांना दुसऱ्याला त्रास देण्याची फार धास्ती.

रानातल्या झोपडीत मुक्काम केला, की जाळलं तेवढं सरपण परत भरून ठेवूनच निघायचं, अशी इथली रीत आहे. साइला बुधवारी खेळातल्या झोपडीच्या चुलीत दोन ओंडके जाळायची, दोन तोडून ठेवायची. वेइक्को शनिवारी तेच करायचा. दोघांनाही बारा ओंडके जसेच्या तसे दिसायचे. इथे कोणी फिरकत नाही, असं दोघांनाही वाटायचं.

अशी तीन वर्षं गेली. दोघांच्या येण्याजाण्याची नोंद माझ्याकडे होती. ती कोणी वाचली नाही आणि मला सांगता आली नाही. बाकीचे दिवस रिकाम्या तळ्यावर मी सूर्य उगववत आणि मावळवत राहिलो. मित्रांनो, मला फार एकटं वाटायचं.

वेइक्को मला पुसेनासा झाला होता. धुळीने माझा एक पंखा अडकला. एका बुधवारी, साइला चुलीपाशी बसलेली असतानाच, मी तापून बंद पडलो.

दुसऱ्या दिवशी वेइक्कोने माझी पेटी उघडली. बंद यंत्राला ऐकू येत नाही, असं कोणी सांगितलं? फोन वाजला. हातात स्क्रू होते, म्हणून त्याने तो जमिनीवरच ठेवून स्पीकरवर घेतला.

"बाबा, त्रास देतेय का?"

"नाही गं. बोल."

"झोपडी दिसत नाहीये. काल चूल पेटवली आणि सगळंच गेलं."

"काल? तू काल तिथे होतीस?"

"मी दर बुधवारी असते."

"अगं, पण सरपण तर भरलेलं असतं."

"तूच शिकवलंस ना, जाळलं तेवढं भरायचं."

वेइक्को खाली बसला. हातातले स्क्रू त्याने बाजूला ठेवले.

"मीही भरतो गं," तो म्हणाला. "दर शनिवारी."

पलीकडून साइलाच्या रडण्याचा आवाज आला. वेइक्कोने फोन ठेवला नाही. तो ऐकत राहिला आणि बोटाने माझ्या पंख्यावरची धूळ काढत राहिला.

मित्रांनो, आम्हा मुक्या यंत्रांची धूळ वर्षातून एकदा तरी झटका. आणि आपल्या माणसाच्या दारी जाऊन परताल, तेव्हा सरपण पुरतं भरू नका; येऊन गेल्याची खूण राहू द्या. आता आमच्या झोपडीत दहाच ओंडके असतात.