रक्षाच्या मापाची गाडी

गाडी स्टँडवर लावून झाली, तरी रक्षा दुकानात आली नाही. ओसरीच्या खांबाला हात टेकून ती तशीच उभी राहिली. उजवा पाय तिने जमिनीपासून जरा उचलून धरला होता.

तिचे सासरे बंडूजी गल्ल्यावर बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय झालं व?"

"काई नाई मामाजी. पायाले मुंग्या आल्या."

"अन् हा बिस्किटाचा खोका कायनं चेपला?"

"भिडीच्या पुलाजवळ कुत्रं आडवं आलं. गाडी जराशी टेकली." एवढं बोलून ती लंगडणं लपवत आत गेली.

बंडूजींनी पुढे विचारलं नाही. देवळीच्या बाजाररस्त्यावर त्यांचं किराण्याचं दुकान होतं, पण खरा धंदा दुकानात नव्हता. आजूबाजूच्या खेड्यांतल्या लहान दुकानांना साबण, चहापत्ती, बिस्किटं, माचिस असा माल ते गाडीवर पोचवत. आधी बरीच वर्षं ते स्वतः फिरले, मग त्यांचा मुलगा नीलेश फिरू लागला. दीड वर्षापूर्वी नीलेशला एकाएकी फिट आली. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, औषधं सुरू झाली, फिट येणंही थांबलं. पण डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं. नीलेश दुकानात बसू लागला आणि खेड्यांची फेरी बंद पडायची वेळ आली. तेव्हा त्याची बायको रक्षा म्हणाली, "मी जाते."

नीलेशनेच तिला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत गाडी शिकवली. महिनाभरात ती भिडीपर्यंत माल घेऊन जाऊ लागली. दुकानदारांना आधी नवल वाटलं, मग सवय झाली.

अडचण वेगळीच होती. रक्षा फार उंच होती. सहा फुटांना बोटभर कमी. आणि गाडी होती बंडूजींची. बंडूजी उंचीने अगदी बेताचे, म्हणून त्यांनी घेतानाच बुटकी गाडी पाहून घेतली होती आणि वर तानबा मिस्त्रीकडून सीटचा फोम कापून आणखी बसका करून घेतला होता. नीलेश बापावर गेलेला, त्यामुळे त्यालाही ती चालली. रक्षा मात्र तिच्यावर बसली की गुडघे वर हँडलपाशी यायचे आणि पाठीची कमान व्हायची. नणंदेची स्कूटी चालवून पाहिली होती. तिच्यावर तर गुडघे हँडलखाली अडकूनच बसले.

यात तिला विशेष काही वाटलं नव्हतं. जगातल्या वस्तू आपल्याला आखूड पडतात हे ती लहानपणीच शिकली होती. शाळेच्या गणवेशाच्या बाह्या, बाक, चौकटी, साडीची उंची, सगळं. पाहुणे पाहायला यायचे तेव्हा आई आधीच सांगून ठेवायची, बसूनच राहा, उठू नको. लग्नात फोटोवाल्याने नीलेशच्या पायाखाली पाट दिला होता. तो लक्षात येऊ नये म्हणून तिने स्वतःच मान झुकवली होती. बंडूजी मात्र तिला पाहायला आले तेव्हा एवढंच म्हणाले होते, "बरं झालं, वरच्या फळीवरचा माल काढाले शिडी नाई लागन." सगळे हसले होते. तो चेष्टेचा शब्द होता की पसंतीचा, हे तिला आठ वर्षांत उमगलं नव्हतं.

दोन दिवसांनी भिडीचे दुकानदार प्रभाकरराव देवळीत आले होते, ते दुकानात डोकावले.

"सुनबाईचा गुडघा कसा हाये आता?"

"कायचा गुडघा?" बंडूजींनी विचारलं.

"पडल्या ना त्या पुलाजवळ. सांगतलं नाई काय?"

"कुत्रं आलं म्हणे."

"कुत्रं-बित्रं काई नोयतं. म्या पाह्यलं ना. गावात वळवाले गेल्या तं हँडल गुडघ्यालेच अडकलं. गाडी वळलीच नाई. मागून ट्रॅक्टर येऊन राह्यला होता, त्यानं दाबला ब्रेक म्हणून बरं." प्रभाकररावांनी आवाज खाली आणला. "मागंही एकदा तसंच झालतं, बंडूजी."

त्या संध्याकाळी रक्षा फेरीवरून आली, तेव्हा बंडूजी ओसरीतच उभे होते.

"खरं काऊन नाई सांगतलं?"

रक्षाने पिशव्या खाली ठेवल्या. त्यांना कळलंय हे तिला चेहऱ्यावरूनच समजलं.

"सांगून काय होते मामाजी? गाडी तेवढीच राहीन अन् मी बी तेवढीच."

 गाडीभोवती एक फेरी मारून बंडूजी आत निघून गेले.

सकाळी फेरीची वेळ झाली, तसे तेही चपला घालून निघाले. "गाडी ढकलत घे. तानबाकडं जायचं हाये."

तानबा मिस्त्रीचं गॅरेज बस स्टँडच्या मागे होतं. बंडूजींनी गाडी त्याच्यासमोर उभी करायला लावली.

"तानबा, इच्या मापाची कर."

"मापाची?" तानबा हसला. "गाडी हाये बंडूजी, बिलाऊज नोय."

"कपड्याचं माप घेतेत तं गाडीचं काऊन नाई?"

तानबाने रक्षाला गाडीवर बसायला सांगितलं. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे चार लोक वळून बघू लागले. रक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तानबाने हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं. दोन्ही वेळा ते तिच्या गुडघ्यावर आदळलं.

"बाप्पा," तो म्हणाला. "ताई, तुमी अशी दीड वर्स चालवली?"

मग तो बराच वेळ खाली बसून बघत राहिला. सीटला जाड फोम घालू, तो म्हणाला, म्हणजे बसायची जागा वर येईल. पायदानं खाली आणि थोडी मागे घेऊ, म्हणजे गुडघे खाली जातील. आणि हँडल उचलू, म्हणजे पाठ मोडणार नाही. सांगता सांगता तो मध्येच थांबला.

"पण बंडूजी, ह्या सीटचा फोम म्याच कापलता. तुमच्यासाठी. आता चढवला तं तुमचे पाय नाई पुरणार जमिनीले."

"समजते मले."

"मंग अण्णाजीकडं कशे जाल?"

अण्णाजी हे बंडूजींचे जुने मित्र. पुलगाव रस्त्यावर त्यांचं शेतातलं घर होतं. मांडीचं हाड मोडल्यापासून ते खाटेवरच असत. रोज संध्याकाळी बंडूजी गाडी काढून तिकडे जात आणि तासभर बसून येत. पत्नी रुख्मिणीबाई गेल्यापासून ही एक फेरी त्यांनी कधी चुकवली नव्हती.

"मामाजी, राहू द्या," रक्षा गाडीवरून उतरत म्हणाली. "मले सवय झाली आता."

"सवय मले बी होईन," बंडूजी म्हणाले. "तानबा, घे कामाले."

गाडी तानबाकडे राहिली. सीट शेजारच्या सीटवाल्याकडे गेली आणि जाडजूड होऊन, नवं काळं रेग्झिन चढवून आली. तानबाने पायदानांना पट्ट्या जोडून ती खाली घेतली, गिअर आणि ब्रेक त्यांच्या बेताने बसवले, हँडलखाली उंच ठोकळे दिले. चालवून बघायला बोलावलं, तेव्हा रक्षाबरोबर बंडूजी होते आणि दुकान बंद करून नीलेशही आला होता.

रक्षा बसली. गुडघ्यांना आणि हँडलला मध्ये मोकळी जागा होती. तिने गाडी सुरू केली, गॅरेजसमोरून निघाली आणि परत यायला हँडल वळवलं. वळवलं तशी गाडी एकदम गुरगुरली आणि तिला घेऊन टपरीच्या बाकाकडे झेपावली. बाकावरचे लोक उठून पळाले. रक्षाने क्लच दाबला, ब्रेक दाबला. चाक बाकाला लागून थांबलं.

नीलेश धावत तिच्याजवळ पोचला. त्याने चावी फिरवून गाडी बंद केली. 

"माह्याच ध्यानात नाई आलं," तानबा खाली मान घालून म्हणाला. "हँडल वर गेलं, पण अ‍ॅक्सिलेटरची वायर जुनीच. वळवलं की ताणल्या जाते अन् रेस होते. लंबी वायर पाहिजे. क्लचची बी बदलू. पण ते वर्ध्याले भेटन."

"मी आणतो," नीलेश म्हणाला.

 फिट आल्यापासून नीलेश एकटा गावाबाहेर गेला नव्हता. बस स्टँडपर्यंतही कुणीतरी बरोबर असायचं.

"मी येते सोबत," रक्षा म्हणाली.

"नको. तू दुकान पाय. मी एसटीनं जातो अन् येतो."

दिवसभर रक्षाने गिऱ्हाईकांना काय दिलं, ते तिलाच कळलं नाही. बंडूजी दर बसला ओसरीत येऊन उभे राहत. चारच्या सुमारास नीलेश चालत आला. गळ्यात हार घालावा तशा त्याने दोन काळ्या वायरी अडकवल्या होत्या, आणि तो घामाघूम होता, पण हसत होता.

"तीन दुकानं फिरलो," तो म्हणाला. "तिसऱ्यात भेटल्या. बसमधी बसाले जागा बी भेटली."

रक्षाने त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन थोडा वेळ मोरीत तोंड धूत राहिली.

वायरी बसवल्यानंतर पहिल्यांदा ती भिडीला गेली, तेव्हा मागे मालाचे खोके बांधलेले होते. सकाळचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी वावरं आणि फुटू लागलेली कपाशी. पुलाजवळ आल्यावर तिने वेग कमी केला. हँडल वळवलं. गुडघा आपोआप बाजूला घ्यायला गेली, पण गरज पडली नाही. गाडी ऐटीत वळली आणि गावात शिरली.

प्रभाकररावांच्या दुकानासमोर ती थांबली. दोन्ही पाय जमिनीवर टेकून, हात हँडलवर ठेवून नुसती बसली. पाठ दुखत नव्हती. कुणीतरी तिला समोर बसवून, तिचे गुडघे कुठे येतात, हात कुठे पोचतात हे बघून एक वस्तू केली होती. तिच्या आजवरच्या आयुष्यात अशी दुसरी वस्तू तिला आठवेना.

"उतरता नाई काय सुनबाई?" प्रभाकररावांनी दुकानातून विचारलं.

"उतरते ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि खोका सोडायला घेतला.

घरी आल्यावर बंडूजींना बरंच काही सांगायचं तिने रस्ताभर ठरवलं होतं. त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर एवढंच निघालं, "मामाजी, गाडी लय चांगली झाली."

"वळली काय पुलाजवळ?"

"वळली."

"बस, मंग झालं," ते म्हणाले, आणि वजनकाट्यावरची साखर झटकू लागले.

संध्याकाळी ती माडीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. खाली बंडूजींनी रोजच्यासारखी खुंटीवरची चावी घेतली. गाडी स्टँडवरून काढली, पाय टाकून वर चढले. दोन्ही पाय लोंबकळत राहिले. त्यांनी एका बाजूला झुकून चवडा टेकवून बघितला, तशी गाडी कलली आणि ओसरीच्या कठड्याला टेकली. इकडेतिकडे कुणी बघत नाही ना, हे पाहून ते हळूच उतरले. सीटवरून एकदा हात फिरवला. मग चावी पुन्हा खुंटीला लावून, काठी घेऊन पायीच निघाले.

वरून हे पाहून रक्षा कपडे तसेच टाकून खाली आली. ते कोपऱ्यावर पोचायच्या आत तिने गाडी त्यांच्या पुढ्यात नेऊन उभी केली.

"बसा मामाजी."

"काई नको. चाललो तं पाय मोकळे होतेत."

"अण्णाजीकडं पोचेपर्यंत अंधार पडन."

"सुनेच्या मागं बसून भर बजारातून जाऊ काय?" ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

दुकानाच्या दारातून नीलेशने आवाज दिला, "बसा ना बाबा. मी बी बसतोच ना तिच्या मागं."

बंडूजी थोडा वेळ काठीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती रक्षाच्या हाती दिली. तिने ती पुढे मांडीवर आडवी ठेवली, दोन्ही तळपाय रस्त्यावर पक्के रोवले आणि गाडी सरळ तोलून धरली. बंडूजींनी पायदानावर पाय ठेवला. आधाराला हात वर नेला, आणि तो हवेतच राहिला. आठ वर्षांत त्यांनी सुनेला कधी हात लावला नव्हता.

"धरा मामाजी," ती समोर बघत म्हणाली.

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चढले.

बाजारातून जाताना लोक बघत होते. कुणीतरी रामराम केला, बंडूजींनीही केला. गाव संपलं, पुलगावचा रस्ता लागला. मागे सासरे एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून मान काढून बघतायत हे रक्षाच्या लक्षात आलं. तिने खांदे पाडले, मान खाली घातली.

"काऊन वाकली?" मागून बंडूजींनी विचारलं.

"तुमाले समोरचं दिसत नसन ना."

"हा रस्ता माहा पाह्यलेला हाये," ते म्हणाले. "तू नीट बस."

रक्षा सरळ बसली. बंडूजींपुढे आता नुसती तिची पाठ होती. त्यांनी खांद्यावरचा हात तसाच राहू दिला आणि मान वळवून कडेची कपाशी पाहू लागले.