पिवळी होत चाललेली गल्ली

…पिवळा. पत्र्याच्या टोपीखाली, भर सकाळी जळत राहिलेला, उन्हात अगदीच केविलवाणा दिसणारा, पण पिवळा, एवढं नक्की. गल्लीतले दिवे बंद करायचं आज कुणीतरी विसरलं होतं, म्हणून तर तिला तो दिसला. नाहीतर वर बघायचं काही कारण नव्हतं. गस्तीवरचा पोलीस खाली बघतो – उंबरे, कुलुपं, माणसांचे पाय. आणि ठेकेदाराचे बल्ब पांढरे असतात. गेल्या वर्षी नवा ठेकेदार आला तेव्हापासून सगळ्या गावातले पांढरे, दवाखान्यातल्यासारखे. म्हणजे हा कुणीतरी स्वतःच्या खिशातून आणून लावलेला.

आणि खांब चष्मेवाल्याच्या दुकानापुढचा.

इथेच सगळं घोडं अडलं. कारण चष्म्यासोबत द्यायचं पुसायचं फडकं मधोमध कापून दोन गिऱ्हाइकांना देणारा हा माणूस, चहा मागवला की "अर्धा घेणार ना?" असं विचारून स्वतःच अर्धा घेणारा. तो सार्वजनिक खांबावर स्वतःचा बल्ब लावतो? शिडी आणून?

"बल्ब नवा दिसतोय," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने वर बघितलं, आपल्या दुकानापुढे खांब आहे हे आजच कळल्यासारखं. "हो का? बघा बरं. माझं लक्षच नव्हतं."

"आधीचा फुटला?"

"गेला असेल, मॅडम. बल्बच तो. जातो."

"चौकीत कळवलं का नाही?"

"तुम्हाला कशाला उगीच त्रास."

त्रास! दुकानाच्या पायरीवर कुत्रं झोपतं म्हणून एका दुपारी तीनदा फोन केला होता या माणसाने. ती हसली, तोही हसला – जरा जास्तच वेळ, आणि हसताना त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर नव्हते, तिच्या खांद्यावरच्या पट्टीवर होते. ती पुढे निघाली. दुकानाची पाटी फुटपाथवर हातभर पुढे आली होती, तिला वळसा घालून ती गेली. वळसा घातल्याचं तिला चार दुकानं पुढे गेल्यावर कळलं. रोज ती त्या पाटीवर काठी वाजवून म्हणायची, "आत घ्या." आज काठी हातात होती, आणि हात गप्प होता.

काही नाही… उन्हं. सकाळपासूनच डोकं ठिकाणावर नाही. कोरफडीच्या कुंडीत पाणी घातलं तर ते मुरेचना, सगळं वरून वाहून खिडकीखाली ओघळ झाला, आणि फरशी पुसण्यात उशीर झाला. कोरफडीला कसलं आलंय एवढं पाणी, असं ती त्या झाडालाच रागावली होती.

इस्त्रीवाल्या मावशींच्या टपरीवरचा – पिवळा. त्याच्या पुढचा पांढरा. मग पुन्हा पिवळा. आता मान खाली घालून चालणं जमेना. उन्हाळ्यात या गल्लीत दिवे फुटायला लागले तेव्हा रोज कुणीतरी चौकीत यायचं. अंधारात बायकांना भीती वाटते, पोरींच्या शिकवण्या सुटतात, काचा पायात जातात. तिने वायरलेसवर कळवलं, गस्तीची वेळ बदलली, टवाळ पोरांना दम दिला. त्या पोरांनी शपथा घेतल्या आणि तिला त्या खऱ्या वाटल्या. मग तक्रारी एकदम थांबल्या. तिला वाटलं, दिवे फुटायचे थांबले. तसंच वाटतं माणसाला. पण दिवे फुटतच होते, आणि लोक ते गुपचूप बदलत होते.

का? – हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. तो तिच्या मागून चालत होता, गस्तीवर जोडीदार चालतो तसा, अर्धं पाऊल मागे.

कोपऱ्यावरच्या घरापुढे तक्रारआजोबा खुर्ची टाकून बसले होते. हे नाव तिनेच ठेवलेलं, आणि त्यांना ते आवडायचं. तक्रार हा त्यांचा व्यायाम होता – कबुतरं, हॉर्न, शेजारणीचा मिक्सर, गटाराचं झाकण. एकदा तर त्यांनी चौकीतल्या घड्याळाची तक्रार चौकीतच दिली होती.

"काय आजोबा, आज काय?"

"काही नाही. सगळं छान आहे."

ती थांबली. आजोबांना सगळं छान वाटतंय म्हणजे कुणीतरी गेलं तरी असावं किंवा जाणार तरी असावं.

"गटार?"

"वाहतंय की." आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग, गेल्या कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच, आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, घरी सगळं बरं आहे ना? आमचे दिवेवाले भाऊजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"त्यांना म्हणावं, आम्ही आठवण काढतो."

आजोबांच्या फाटकावरचा दिवा पिवळा होता. तिने तो आधीच बघितला होता. बघितला नव्हता असं म्हणू या.

दिवेवाले भाऊजी. तिचा नवरा. पंधरा वर्षं याच खांबांवर शिडी लावून चढणारा, सणासुदीला नव्हे, रोज, कुणाच्या दारातला दिवा गेला की पोरं "भाऊजी, अंधार!" ओरडत यायची आणि तो जेवता जेवता उठायचा. तेव्हा बल्ब पिवळे असायचे. नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला, पांढरे बल्ब घेऊन आला, आणि नवरा घरी बसला. रागावला नाही. भांडला नाही. फक्त जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला जाऊ लागला. तिला बरंच वाटलं होतं… चार भिंतींत बसून राहण्यापेक्षा बरं.

आणि त्याच्या पँटच्या खिशात खडे निघायचे. गोल, गुळगुळीत, वेचून घेतल्यासारखे. कपडे भिजत घालताना ती खिसे तपासते – कुठली बायको तपासत नाही? – खडे काढायची आणि खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत टाकायची. टाकायला दुसरी जागा नव्हती का? होती. रस्ता होता, कचऱ्याची बादली होती. पण ती कुंडीतच टाकायची, एकावर एक, नीट, आणि बोटांनी दाबायची. आता कुंडीत पाण्याला जागा उरली नव्हती. सकाळचा तो ओघळ…

मला ठाऊक नव्हतं, असं मी कुणाला सांगणार आहे? कुंडीला?

चौकीत साहेब खुशीत होते. "तुमच्या बीटची पाटी कोरी. एक तक्रार नाही. काय जादू केलीत?"

"जादू कसली, साहेब. लोकांशी बोलते."

"हेच. हेच सांगायचं दुपारी." दुपारी शाळेच्या सभागृहात रहिवाशांची बैठक होती. "लोकांना आपला पोलीस घरचा वाटला पाहिजे. तुम्ही राहताही तिथेच, ते बरं."

घरचा. तिने मान हलवली. साहेब चांगला माणूस होता. कोऱ्या कागदाला स्वच्छ कागद समजायचा, एवढंच.

सभागृहातल्या खुर्च्या लहान मुलांच्या होत्या, त्यामुळे सगळे गुडघे वर करून बसले होते, आणि एरवी तिला याचं हसू आलं असतं. पुढच्या रांगेत चष्मेवाला, बाजूला आजोबा, मागे मावशी. साहेबांनी विश्वासावर भाषण केलं. मग म्हणाले, "उन्हाळ्यात इथे दिवे फुटायचे. आता थांबलं ना? कुणी सांगेल?"

वर पंखा कुरकुरत होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले – रागाने नाही, जाब विचारायलाही नाही. आजारी माणसाला भेटायला आलेले लोक बघतात तसे, मायेने. राग असता तर पेलला असता. रागाला उत्तर देण्याचं तिचं प्रशिक्षण झालं होतं. कुणी खोटं बोलणार नव्हतं. खोटं बोलायचं की नाही, हे त्यांनी अदबीने तिच्यावर सोडलं होतं.

"कमी झालंय, साहेब," ती म्हणाली.

सभागृहाने श्वास सोडला. मावशींनी पदराने तोंड पुसलं. चष्मेवाल्याने मान किंचित लववली, आणि तिला त्याची ती पाटी दिसली, हातभर पुढे आलेली. उद्या ती दोन हात येईल, आणि परवा तिच्या शेजारी बाक येईल, आणि मी वळसा घालीन. कुणी मागणार नाही. कुणी आठवणही करून देणार नाही. चांगली माणसं आहेत. चांगल्या माणसांचं हेच अवघड असतं, नाही म्हणायला काही हाती लागत नाही.

बाहेर पडताना आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. या गल्लीत आपण गस्त घालतो असं तिला इतके दिवस वाटत होतं. तिच्याच घरावर गल्लीची नजर होती: नवरा किती वाजता निघतो, कोणत्या खांबाखाली थांबतो, कोणता दिवा सोडून देतो…

सोडून देतो. हो. पिवळा लावला की तो त्यावर खडा मारत नाही. हे त्यांना आधी कळलं होतं, तिला आत्ता कळत होतं.

घरी आली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. कुंडीजवळ. बाहेर दिवे लागत होते, एकामागून एक, आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. आनंद म्हणावा इतकं ते स्वच्छ होतं.

"गल्ली पहिल्यासारखी दिसायला लागली, नाही?" तो म्हणाला.

विचारायचं ते वाक्य दिवसभर तिने जुळवलं होतं – अहो, खिशात खडे कसले? – किती साधं वाक्य. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघताना ते वाक्य काठीसारखं वाटलं, आणि हात पुन्हा गप्प झाला.

"शाळेपुढचे तेवढे पांढरे राहिलेत," तो म्हणाला, आणि चपला शोधू लागला. "आज जेवायच्या आधीच येतो. पाय मोकळे करून."

"थांबा. मीही येते."

तो वळला. तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, बूट, पट्टा, खांद्यावरची पट्टी; आणि अगदी सहज, चहात साखर घालू का असं विचारावं तसं विचारलं, "वर्दीत?"

तिचा हात गळ्याशी गेला, वरच्या बटणावर थांबला. काढलं तर मी त्याच्यासोबत फिरायला निघाले. नाही काढलं तर त्याच्या मागावर. तो दारात थांबून वाट बघत होता, घाई न करता, आणि ती बटण धरून उभी होती – आणि उभ्या उभ्या तिच्या लक्षात आलं की आपण भलताच विचार करतो आहोत: शाळेपुढे वह्यांचं दुकान आहे, दुकानदार हात आखडता घेणारा, पण त्याची बायको मायाळू, मग पिचकारीने झाडांना पाणी घालणारा तो नवा भाडेकरू, त्याला अजून काहीच माहीत नाही… त्याला पिवळ्या बल्बचं कुणीतरी समजावून सांगावं लागेल.