टिंबांआडची पाकोळी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी घडण बेल्जियमसाठी झाली, म्हणून माझी वरची ओळ ए आणि झेडने सुरू होते. सीमेपलीकडे हॉलंडात त्याच जागी क्यू आणि डब्ल्यू असतात. गावच्या चर्चच्या कचेरीत मी पुष्कळ वर्षे सेवा केली. किती बाळांची, किती नवरा-नवरींची नावे माझ्यावरून उमटली! "हा कधी दगा देत नाही," असे तिथले पाद्री म्हणत. मग नवा कीबोर्ड आला. तिथे लिहिणाऱ्या लोडेने मला घरी नेले आणि माळ्यावर ठेवून तो विसरून गेला.

लोडेची बायको टोस हॉलंडची. घरातला संगणक तिचा, कीबोर्डही तिच्या माहेरच्या पद्धतीचा. त्यांची लेक फेर्ले हिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्या बिचाऱ्यावर कॉफी सांडली. संगणक चालूच होता. लोडेने मला खाली आणले, पुसले, जोडले. ‘आता बेल्जियमची अक्षरे’ असे संगणकाला सांगून त्याने मेजवानीतले भाषण माझ्यावर लिहिले. लिहिताना त्याचे डोळे भरून येत होते. एका ओळीला मात्र तो खुदकन हसला. ‘आमच्या सासूबाई कॉफीबरोबर एकच बिस्कीट देतात आणि डब्याचे झाकण लावतात.’

टोसने मागून वाचले. "ही ओळ काढ. आई पहिल्या रांगेत बसणार आहे."

"अगं, गंमत आहे!"

"माहीत आहेत आम्हाला चिक्कू ठरवणाऱ्या तुमच्या बेल्जियमच्या गमती."

लग्नाच्या सकाळी भाषण कागदावर छापून घ्यायला लोडेने संगणक सुरू केला. पुरता जागा होण्याआधी तो गुपित शब्द विचारतो. शब्द दोघांनाही ठाऊक होता, पाकोळी पक्ष्याचे नाव. त्यांच्या भाषेत ते झेडने सुरू होते, पुढे डब्ल्यू, मग ए. लोडेने एकेक अक्षर शोधून एका बोटाने दाबले. पडद्यावर नुसती टिंबे. चूक! त्याने माझी वायर काढून दुसऱ्या भोकात खुपसली. माझा दिवा लागला. पुन्हा चूक! आता एकच संधी उरली होती.

मला संशय आला. मी झेड सांगतोय, पण हा ऐकतोय काय? टिंबांआड डोकावणार कोण?

लोडेचा संशय दुसरीकडेच वळला. "टोस! शब्द बदललास ना? माझं भाषण दडपायला?"

"मी? तूच बदलला असशील, मी ती ओळ खोडू नये म्हणून."

"मग मी इथे घाम कशाला गाळतोय?"

"नाटकं करायला तू काय कमी आहेस?"

अर्धे केस बांधलेली फेर्ले धावत आली. "लग्न माझं आणि भांडताय तुम्ही? बाबा, मला ते भाषण ऐकायचंय. आई, तू टाकून बघ."

टोस बसली. ती बटणांकडे कधी बघत नाही. खिडकीबाहेर पाहत तिने बोटे चालवली आणि संगणक उघडला.

लोडेचा चेहरा उतरला. "बघ! तुझ्याच हाताला उघडलं. आता काय म्हणशील?"

मला वाटले, आता मोडले हे घर. देवा, माझ्यामुळे मोडले! टोसने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. "माझी बोटं बघ. आणि तोंड बंद ठेव."

ती सावकाश दाबू लागली. पहिले बोट माझ्या डब्ल्यूवर पडले, दुसरे झेडवर, तिसरे क्यूवर.

"अगं, हे सगळं चुकीचं..."

संगणक उघडला.

फेर्ले ओरडली, "बाबा, जागा होईपर्यंत याला तुमचं बेल्जियम कळतच नाही! याला बटणाची फक्त जागा कळते. शब्द आईच्या कीबोर्डवर ठरवला होता ना? तुम्ही छापलेली अक्षरं बघत बसलात!"

लोडेने हळूच बिस्किटाची ओळ खोडायला घेतली. टोसने त्याचा हात धरला. "राहू दे. फक्त दोन बिस्किटं कर."

मित्रांनो, जुने यंत्र माळ्यावरून काढाल तेव्हा ते कोणत्या देशाचे, कोणत्या वळणाचे आहे, एवढे विचारा. दिवा लागला म्हणजे ते आणि तुम्ही एकच भाषा बोलता असे नाही. आणि घरच्या माणसावर बोट ठेवण्याआधी, ते बोट कुठल्या बटणावर पडते आहे ते एकदा खाली वाकून पाहा.