जांभळाईची हाक

श्रीपादने धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचले, तांब्याची कळशी खांद्यावर घेतली आणि तो ओढ्याकडे उतरू लागला. देवीच्या अभिषेकाचे पाणी घरच्या पुरुषानेच आणायचे, असा जांभळाईचा नेम होता. ठाण्याच्या घरी रहाट ओढायची ती मंदाकिनी. नवऱ्याने कळशीला हात लावलेला तिने लग्नानंतर आज प्रथमच पाहिला. दगडांवरून तो असा जपून पाऊल टाकत होता, की तिला हसू आले. शेजारी सासूबाई बसल्या होत्या म्हणून तिने ते पदराआड गिळले.

जांभळाई म्हणजे ओवळे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत, उघड्यावर बसवलेला एक शेंदराचा दगड. त्याला एक घंटा आणि एक गुरव. श्रीपाद कलेक्टर कचेरीत कायम झाला तर त्याला घेऊन दर्शनाला येईन, असे गोदाबाईंनी देवीला कबूल केले होते. नवऱ्यामागे त्यांनी हा एकुलता एक मुलगा वाढवला होता, आणि देवीचे देणे ठेवून झोप लागेल अशा त्या नव्हत्या. घोडबंदरच्या रस्त्याने बैलगाडी आली ती डोंगराच्या पायथ्याशी थांबली. पुढे पायवाट. गाडीवान राघो खालीच राहिला.

"बेगीन उरका, मालक," निघताना तो म्हणाला होता. "या अंगाला मोठा फिरतंय."

मोठा म्हणजे कोण, हे कुणी विचारले नाही. रानात त्याचे नाव घेत नाहीत, एवढे ठाण्याच्या माणसांनाही माहीत होते.

गोदाबाई डोळे मिटून जप करीत होत्या. गुरव चंदन उगाळत होता. मंदाकिनी फुलांची परडी मांडीवर घेऊन ओढ्याकडे बघत होती, म्हणून ते फक्त तिलाच दिसले. श्रीपाद पाठमोरा वाकून कळशी बुडवत होता आणि त्याच्या मागच्या खडकावर, वाळलेल्या कारवीतून, वाघाचे डोके बाहेर आले. मग खांदे आले. पट्ट्यांचे अंग एवढे मोठे होते की ते कारवीत इतका वेळ मावले कसे, असे तिला वाटले. पोट खडकाला टेकवून तो एक एक पंजा पुढे टाकत होता.

"अहो!" मंदाकिनी म्हणाली.

सासूसमोर नवऱ्याशी बोलणे हेच मुळी पाप. त्यामुळे भीतीने छाती फुटत असतानाही तिचा आवाज निम्माच निघाला. गुरवाने तेवढी मान वर केली. गोदाबाईंच्या कपाळावर आठी पडली, डोळे मिटलेलेच राहिले. श्रीपाद हलला नाही.

वाघाचे मागचे पाय अंगाखाली गोळा झाले.

श्रीपाद हे नाव तिने आजवर उच्चारले ते फक्त उखाण्यात, बायकांनी फारच गळ घातली तेव्हा आणि मान खाली घालून. नवऱ्याचे नाव तोंडाने घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, हे तिला आईने सांगितले होते, आजीने सांगितले होते, सासूने तर येताजाता बजावले होते. परडी उलटी झाली. मंदाकिनी उभी राहिली आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडली,

"श्रीपाद!"

तो गर्रकन वळला, त्याचा पाय शेवाळावरून सरकला आणि तो बाजूला पाण्यात तोंडघशी पडला. वाघाची उडी तो होता त्या जागी आली. कळशी घडघडत, आपटत खडकांवरून खाली गेली. त्या आवाजाने वाघ बिचकला. क्षणभर त्याने वर उभ्या असलेल्या मंदाकिनीकडे पाहिले, आणि पलीकडच्या कारवीत शिरून तो दिसेनासा झाला.

श्रीपाद चिंब भिजून वर आला. गोदाबाईंनी त्याला कवटाळले, त्याचे हातपाय चाचपले, गालावरून हात फिरवून बोटे मोडली. मुलगा धड आहे अशी खात्री झाल्यावर त्या सुनेकडे वळल्या.

"नाव घेतलंस तू त्याचं? भर रानात, देवीच्या दारात?"

मंदाकिनीने उलटी परडी उचलली. सांडलेली फुले गोळा करावीत की नाही, हेही तिला सुचेना.

"आई," श्रीपाद म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "देवीनं हाक मारली मला."

गोदाबाईंनी त्याच्या कपाळावरचे पाणी पदराने टिपले. त्यांनी काय ऐकले होते ते त्यांना ठाऊक होते. पण सुनेने नाव घेऊन मुलाचे आयुष्य तोडले यापेक्षा देवीने हाक मारून ते वाढवले, हे कोणत्या आईला आवडणार नाही? त्यांनी हळूच हात जोडले. गुरवाने तर लोटांगणच घातले.

"बोलली गं माय! इतकी वर्सं पूजा करतो, मला येकदा बोलली नाही," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर गाडीत मंदाकिनी पाठमोरी बसली होती आणि मनात फुलली होती. नवऱ्याने किती चटकन तिला पाठीशी घातले! खोटे बोलला तो, पण तिच्यासाठी बोलला. दोघांत मिळून एक गुपित झाले होते, आणि सासूच्या नजरेखालच्या घरात नवराबायकोचे म्हणून दुसरे होतेच काय? केव्हातरी तो आपण होऊन म्हणेल, बरं झालं गं तू ओरडलीस. तेवढे एक वाक्य तिला पुरणार होते.

"वयनींनी हाक मारली का मघा?" राघोने बैल हाकत विचारले. "खालपरत आयकू आली."

"वहिनी कशाला मारतील? देवीची हाक होती ती," गोदाबाई म्हणाल्या.

राघोने बैल थांबवले. मग कासरा काखेत धरून त्याने डोंगराकडे वळून हात जोडले.

"हां, देवीचीच. मी आयकली ना," तो म्हणाला.

साक्षीदारही मिळाला.

ठाण्यात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ओसरीवर माणसे जमू लागली. पहिल्या दिवसांत श्रीपाद अडखळत सांगायचा. वाघापाशी आला की घाम पुसायचा. मग त्याची जीभ सैल झाली. हाक आधी नुसती हाक होती, ती हळूहळू ढगांतून आल्यासारखी घुमू लागली, पुढे पुढे तर डोंगर हलू लागला. कचेरीतले शिरस्तेदार येऊन त्याच्या शेजारी बसून गेले. घरात दर शुक्रवारी देवीला पुरणाचा नैवेद्य सुरू झाला. डाळ शिजवायची, पुरण वाटायचे, ते सगळे मंदाकिनीने. दाराआडून ती आपलीच हाक रोज ऐकायची आणि मग आत जाऊन तिच्यासाठी पोळ्या लाटायची.

पावसाआधी येऊरच्या बाजूला एका साहेबाने हाका घालून, रान उठवून वाघ मारला आणि गाडीत टाकून बाजारातून मिरवत नेला. श्रीपाद बघून आला आणि ओसरीवर म्हणाला, "तोच." सगळ्यांनी माना डोलावल्या. तो वाघ धडपणे पाहिला होता तो एकट्या मंदाकिनीने. श्रीपादचे तोंड तेव्हा पाण्यात होते. पण तिला कुणी विचारले नाही.

ते एक वाक्य काही आले नाही. तिने श्रावण जाऊ दिला, नवरात्र जाऊ दिले. एका सुटीच्या दुपारी गोदाबाई कौपिनेश्वराला पुराण ऐकायला गेल्या होत्या. श्रीपाद एकटाच जेवायला बसला होता. तिने भात वाढला, वरण वाढले आणि ती तिथेच उभी राहिली.

"एक विचारू?"

"हं."

"ओढ्यावर मी हाक मारली ती. माझीच होती ती, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

श्रीपादने वर पाहिले. तो रागावला असता तर तिला बरे वाटले असते. तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघावे तसा तो काळजीने बघत होता.

"वेडी का तू? तुझी हाक ऐकली की मी. 'अहो' म्हणालीस ती."

वरणाची पळी तिच्या हातात तशीच राहिली.

"ऐकलीत?"

"म्हणजे काय? आवाज ओळखला की तुझा."

"मग वळला का नाहीत?"

"आई बसली होती ना तिथे." त्याने भात कालवला. "तिच्यादेखत बायकोच्या हाकेला ओ देऊ? बरं दिसलं असतं ते? मला वाटलं, पळी नाहीतर पंचपात्री राहिली असेल गाडीत. मग देवीनं नावानं हाक मारली, तेव्हा वळलो. थोडं मीठ घाल."

तिने मीठ वाढले. इतके दिवस ती पाण्याच्या आवाजाला दोष देत आली होती. आपणच हळू बोललो, म्हणून स्वतःला कोसत आली होती. आता तिला राग आला, असा की हातातली पळी त्याच्या पानात आपटावी. तो खोटे बोलत असता तर तिला भांडता आले असते. पण हा माणूस एक अक्षर खोटे बोलत नव्हता.

श्रीपाद जेवून परसात गेला. चूळ भरून तो विहिरीपाशी पाठमोरा उभा राहून दात कोरत होता, तेवढ्यात पुढच्या दाराशी वहाणा वाजल्या. गोदाबाई परत आल्या होत्या. त्यांच्याबरोबर कल्याणचा एक व्यापारी आणि त्याची बायको होती. आगगाडीने मुद्दाम आली होती ती दोघे, देवीची हाक ज्याला ऐकू आली त्याच्या तोंडून ती गोष्ट ऐकायला.

"सूनबाई, श्रीपादला बोलाव गं," गोदाबाई म्हणाल्या, आणि तिच्या मागोमाग माजघरापर्यंत आल्या.

मंदाकिनी मागच्या दारात उभी राहिली. श्रीपाद वीसेक हातांवर होता. सुनेने नवऱ्याला बोलवायचे तर दाराची कडी वाजवायची, ही घरोघरची रीत. तिने कडी उचलली आणि चौकटीवर एकदाच, हलकेच आपटली.

श्रीपाद चटकन वळला.

"आलो, आलो," तो म्हणाला.